विश्लेषण : ईस्टरच्या आदल्या रात्री चर्चमधले दिवे का मालवले जातात?

प्रकाश म्हणजे देव आणि अंधार म्हणजे सैतान, इतके सोपे गणित बायबलमध्ये नाही. मग ख्रिस्ती धर्मग्रंथात आणि रोजच्या जगण्यात या दोन शब्दांचा अर्थ नेमका काय?

ईस्टरच्या आदल्या शनिवारी रात्र पुरती पडली की कॅथलिक चर्चमधले सगळे दिवे बंद केले जातात. वसई असो, वांद्रे असो की रोम, रीत एकच. लोक न पेटवलेल्या मेणबत्त्या हातात घेऊन आवारात जमतात. तिथे विस्तव पेटवला जातो, त्याला ‘नवा अग्नी’ म्हणतात. त्यावर धर्मगुरू एक मोठी मेणबत्ती पेटवतात. तिच्यावर क्रूस, ग्रीक वर्णमालेतली पहिली आणि शेवटची अक्षरे म्हणजे आल्फा व ओमेगा, आणि चालू वर्षाचे चार आकडे कोरलेले असतात. ख्रिस्ताच्या पाच जखमांची खूण म्हणून धूपाचे पाच दाणेही तिच्यात खोवले जातात. ही पास्काची मेणबत्ती. काळोख्या चर्चमध्ये सगळ्यांच्या पुढे ती शिरते. वाटेत तीनदा थांबून ख्रिस्ताच्या प्रकाशाचा घोष होतो आणि त्या एका ज्योतीवरून मागच्या रांगांपर्यंत शेकडो मेणबत्त्या पेटत जातात. कोणाच्या मोबाइलचा पडदा उजळला तरी खटकावा, असा तो अंधार असतो.

एक बटण दाबले की लख्ख उजेड पडेल अशा इमारतीत हा खटाटोप कशासाठी, असे पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटू शकते. त्याचे उत्तर बायबलच्या पहिल्याच पानावर आहे. पण त्याआधी एक गमतीशीर इतिहास.

शेकडो वर्षे ही ‘रात्र’ सकाळी साजरी होत होती

सुरुवातीच्या काही शतकांत ही उपासना रात्रभर चालणारे जागरण होते. पुढे मध्ययुगात तिची वेळ हळूहळू अलीकडे सरकत गेली आणि अखेर ती शनिवारच्या सकाळी होऊ लागली. मेणबत्तीसमोर गायचे प्राचीन स्तोत्र मात्र तेच राहिले. त्या स्तोत्रात रात्रीचे गुणगान आहे, ती कशी दिवसासारखी उजळली याचे वर्णन आहे, मेण देणाऱ्या मधमाश्यांचाही उल्लेख आहे. हे सगळे गायले जायचे खिडक्यांतून ऊन आत येत असताना, बहुतेक बाके रिकामी असताना. मेणबत्ती पेटत होती, पण उन्हात तिच्याकडे कोण बघणार?

पोप बारावे पायस यांनी 1951 मध्ये ही उपासना प्रायोगिक तत्त्वावर पुन्हा रात्री नेली आणि 1955 च्या सुधारणेने तो नियम झाला. म्हणजे चर्चने त्या वेळी काही नवा प्रकाश आणला नाही. गमावलेला अंधार तेवढा परत आणला.

सूर्याआधी प्रकाश कसा?

त्या रात्री बायबलमधली अनेक वाचने होतात. त्यातले पहिले उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायातले. लोक हातातल्या मेणबत्त्या बाजूला ठेवून ते ऐकतात. त्या कथेत सुरुवातीला अथांग पाणी आणि त्यावर अंधार आहे. देव प्रकाशाला ‘हो’ म्हणतो आणि प्रकाश होतो. हे पहिल्या दिवशी घडते. सूर्य, चंद्र आणि तारे मात्र चौथ्या दिवशी निर्माण होतात.

विज्ञानाच्या पुस्तकासारखे वाचले तर इथेच अडखळायला होते. पण लिहिणाऱ्याचा रोख वेगळीकडे असावा, असे अनेक अभ्यासक मानतात. इस्राएलच्या शेजारी असलेल्या बाबिलोन आणि इजिप्तमध्ये सूर्य-चंद्र हे देव होते. उत्पत्तीचा लेखक त्यांची नावेही घेत नाही. एकाला मोठी ज्योती, दुसऱ्याला लहान ज्योती म्हणून मोकळा होतो. प्रकाश सूर्याच्या मालकीचा नाही, हे त्याला सांगायचे आहे.

याच उताऱ्यात दोन गोष्टी सहज निसटतात. एक, देव अंधार नष्ट करत नाही. तो त्याला प्रकाशापासून वेगळा करतो आणि ‘रात्र’ हे नाव देतो. दुसरी, दिवस मोजताना आधी संध्याकाळ येते, मग सकाळ. यहुदी दिनमान आजही सूर्यास्तापासून सुरू होते. नाताळची उपासना 24 डिसेंबरच्या रात्री आणि ईस्टरची शनिवारच्या रात्री होते, त्यामागे हाच जुना हिशेब आहे. या कॅलेंडरमध्ये प्रत्येक दिवसाची सुरुवात अंधारात होते.

अंधारही देवाचाच?

यशया संदेष्ट्याच्या 45 व्या अध्यायात तर देव स्वतःला प्रकाश घडवणारा आणि अंधार निर्माण करणाराही म्हणवतो. हा अध्याय पर्शियाचा राजा कोरेश म्हणजे सायरस याला उद्देशून आहे. प्रकाशाची एक शक्ती, अंधाराची दुसरी, आणि दोघांत तुल्यबळ लढाई, ही मांडणी त्या काळच्या जगात अनोळखी नव्हती. पुढे तिसऱ्या शतकात मानी याने याच मांडणीवर वेगळा पंथ उभा केला. संत ऑगस्टिन तरुणपणी सुमारे नऊ वर्षे त्या पंथात होते आणि बाहेर पडल्यावर त्यांनी त्याविरुद्ध भरपूर लिहिले. अंधाराला प्रकाशाच्या बरोबरीचे सिंहासन द्यायचे नाही, ही चर्चची भूमिका त्या वादांतून पक्की होत गेली.

मोशेची गोष्ट याहून चकित करणारी आहे. त्याला देवाची पहिली ओळख होते ती जळत्या झुडपात, म्हणजे उजेडात. पुढे सीनाय पर्वतावर लोक भीतीने लांब उभे राहतात आणि मोशे दाट काळोखाकडे चालत जातो, कारण देव तिथे आहे. चौथ्या शतकातले निसाचे ग्रेगरी यांनी या क्रमावर बोट ठेवले. आधी प्रकाश, मग ढग, मग काळोख. देवाच्या जितके जवळ जावे तितके ‘मला कळले’ हे म्हणणे अवघड होते, असा त्यांनी अर्थ लावला. शलमोनाने जेरुसलेमला मंदिर बांधले तेव्हा त्याच्याही तोंडी देव दाट काळोखात राहतो असेच शब्द आहेत. त्या मंदिराचे सर्वांत आतले दालन अंधारे होते. गाभाऱ्यातल्या मिणमिणत्या समईची सवय असलेल्या मराठी वाचकाला हे फार समजावून सांगावे लागणार नाही.

मग अंधार वाईट ठरतो कुठे?

योहानाच्या शुभवर्तमानात. इथे भाषा एकदम धारदार होते. निकदेम नावाचा प्रतिष्ठित माणूस येशूला भेटायला रात्री येतो, लोकांनी पाहू नये म्हणून असावे. शेवटच्या भोजनातून यहूदा उठून जातो तेव्हा बाहेर रात्र असल्याची नोंद लेखक तीन-चार शब्दांत करतो आणि तिथेच थांबतो. येशू स्वतःला जगाचा प्रकाश म्हणवतो तो प्रसंग मंडपांच्या सणाच्या सुमाराचा आहे. त्या सणात मंदिराच्या अंगणात प्रचंड दीपस्तंभ पेटवले जात, असे वर्णन मिश्ना या यहुदी ग्रंथात आहे.

योहानाच्या पहिल्याच अध्यायात एक शब्द भाषांतरकारांना शतकानुशतके छळत आला आहे. प्रकाश अंधारात चमकतो आणि अंधाराने त्याला काय केले नाही? मूळ ग्रीक क्रियापदाचे दोन अर्थ होतात : समजून घेणे आणि काबूत घेणे. जुन्या इंग्रजी भाषांतरांनी पहिला घेतला, अलीकडची बरीचशी दुसरा घेतात. मराठीत यासाठी एक नेमका शब्द आहे, ‘आकळणे’. उमगणे आणि ताब्यात आणणे, दोन्ही छटा त्यात आहेत. अंधाराला प्रकाश आकळला नाही, असे म्हटले की दोन्ही अर्थ साधतात.

मात्र योहानाच्या मते अंधारात कोण आहे, हे कसे ओळखायचे? त्याच्या नावाने असलेल्या पहिल्या पत्रात कसोटी साधी आहे. जो आपल्या भावाचा द्वेष करतो तो अंधारात आहे, मग तो स्वतःला काहीही म्हणवो. मृत समुद्राकाठच्या कुमरानला 1947 पासून सापडत गेलेल्या गुंडाळ्यांमध्ये प्रकाशपुत्र विरुद्ध अंधारपुत्र अशा युद्धाचे आखीव वर्णन आहे. कोण कोणत्या बाजूचा हे तिथे आधीच ठरलेले दिसते. पत्राचा लेखक ती रेघ वाचकाच्या स्वतःच्या वागण्यावर आणून ठेवतो.

प्रकाशही दरवेळी सोज्वळ नसतो. दमास्कसच्या वाटेवर शौल, म्हणजे पुढचा पौल, झगमगाटाने आंधळा होतो आणि तीन दिवस तसाच राहतो. हाच पौल पुढे बजावतो की सैतानही तेजस्वी दूताचे सोंग घेतो. ‘लुसिफर’ हे नाव तर सगळ्यांनी सैतानाचे म्हणून ऐकलेले असते. मूळ लॅटिनमध्ये त्याचा अर्थ प्रकाश आणणारा, म्हणजे पहाटेचा तारा. ईस्टरच्या रात्री गायल्या जाणाऱ्या त्या लॅटिन स्तोत्रात हाच शब्द ख्रिस्तासाठी येतो.

भर दुपारचा अंधार ग्रहणाचा होता का?

येशू क्रूसावर असताना दुपारी 12 पासून 3 पर्यंत देशभर अंधार पडला, असे शुभवर्तमाने सांगतात. तो सूर्यग्रहणाचा होता का, हा प्रश्न दर गुड फ्रायडेला कुठल्या ना कुठल्या ग्रुपवर फिरतोच. उत्तर सोपे आहे : नाही. वल्हांडण सण पौर्णिमेला येतो आणि सूर्यग्रहण फक्त अमावास्येला होते. शिवाय खग्रास स्थिती एका जागी फार तर साडेसात मिनिटे टिकते, तीन तास नाही. तिसऱ्या शतकात ज्युलियस आफ्रिकानस या ख्रिस्ती लेखकाने पौर्णिमेचा हा आक्षेप तेव्हाच नोंदवला होता.

त्या काळच्या वाचकाला इथे आमोस संदेष्टा आठवला असणार. भर दुपारी सूर्य मावळेल आणि एकुलता एक मुलगा गेल्यासारखा शोक होईल, असे आमोसने लिहून ठेवले होते. त्या तीन तासांचा अंधार सुतकाचा आहे. गुड फ्रायडेच्या आसपासच्या ‘टेनेब्रे’ या जुन्या प्रार्थनेत 15 मेणबत्त्या एकेक करून शांत केल्या जात. शेवटची मात्र विझवत नसत. ती वेदीमागे लपवत आणि थोड्या वेळाने परत आणत.

पुनरुत्थानाचे वर्णन तर एकाही शुभवर्तमानात नाही. योहान सांगतो की मरिया मग्दालिया कबरीवर पोहोचली तेव्हा अजून अंधारच होता, आणि दगड आधीच सरकलेला होता. जे घडायचे ते कोणी पाहण्याआधी, रात्रीच घडून गेले होते.

नाताळचे तारे आणि घरातली मेणबत्ती

25 डिसेंबर हीच येशूची जन्मतारीख असे बायबल कुठेही म्हणत नाही. या तारखेची नोंद चौथ्या शतकातल्या रोममध्ये मिळते. उत्तर गोलार्धात दिवस मोठा होऊ लागण्याचा हा काळ. सूर्यदेवाच्या रोमन सणावरून तारीख आली, की 25 मार्चच्या गर्भधारणेत नऊ महिने मिळवून, यावर अभ्यासकांत एकमत नाही. चर्चने बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचा जन्मदिन 24 जूनला ठेवला, जेव्हा दिवस लहान होऊ लागतो. येशू वाढत जावा आणि आपण कमी होत जावे, या योहानाच्या उद्गाराशी ऑगस्टिन यांनी ही भूमिती जोडली. ऑस्ट्रेलियात अर्थात सगळे उलटे पडते. तिथे नाताळ भर उन्हाळ्यात.

नाताळात घरोघर टांगल्या जाणाऱ्या चांदण्यांचे एक प्रसिद्ध जर्मन भावंड आहे, हेर्नहूटचा तारा. एकोणिसाव्या शतकात मोरावियन पंथाच्या मुलांच्या शाळेत तो भूमितीचा धडा म्हणून सुरू झाला. दिवाळीचा आकाशकंदील काड्या-कागदाने बनवत घनाकृती शिकलेल्यांना हे पटेल.

ज्योतीचे खरे काम मात्र सणाबाहेर चालते. बाप्तिस्म्याला सुरुवातीच्या शतकांत ‘प्रकाशित होणे’ असेच म्हणत. दुसऱ्या शतकातल्या जस्टिन यांच्या लेखनात हा शब्द आहे. जेरुसलेममध्ये बाप्तिस्मा घेणारा आधी पश्चिमेकडे, म्हणजे मावळतीकडे तोंड करून सैतानाला नाकारत असे आणि मग पूर्वेकडे वळत असे. आजही बाळाच्या बाप्तिस्म्याला आईवडील किंवा धर्ममातापिता यांच्या हातात एक छोटी मेणबत्ती दिली जाते. ती पेटवायची त्याच मोठ्या पास्काच्या मेणबत्तीवरून. माणूस गेल्यावर तीच मेणबत्ती शवपेटीजवळ ठेवली जाते. 2 नोव्हेंबरला, मृतांच्या दिवशी, मुंबई-वसईतल्या दफनभूमी मेणबत्त्यांनी भरून जातात.

ज्यांना दिसत नाही, त्यांनी काय करायचे?

या सगळ्या रूपकाची एक अडचण आहे, आणि ती लहान नाही. ब्रिटनमधल्या बर्मिंगहॅम विद्यापीठात धर्मशिक्षणाचे प्राध्यापक असलेले जॉन हल 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला पूर्ण अंध झाले. त्यांनी अनुभव कॅसेटवर बोलून ठेवले, त्याचे ‘टचिंग द रॉक’ हे पुस्तक 1990 मध्ये आले. पाऊस पडू लागला की त्याच्या आवाजाने बागेचा आकार कसा उलगडतो, याचे त्यातले वर्णन फार वाचले गेले. पुढे त्यांनी बायबल अंध माणूस म्हणून पुन्हा वाचायला घेतले. त्यांना जाणवले की हा ग्रंथ डोळस माणसांनी डोळसांसाठी लिहिला आहे आणि आंधळेपणा त्यात वारंवार अज्ञानाची, हट्टाची, पापाची खूण म्हणून येतो. हल यांना दिलासा मिळाला तो 139 व्या स्तोत्रात, जिथे देवाला अंधार आणि उजेड दोन्ही सारखेच. दोष ख्रिस्ती भाषेचाच आहे असेही नाही. आपण ‘अंधश्रद्धा’ हा शब्द किती सहज वापरतो!

दुसरी अडचण माणसांच्या अख्ख्या समूहांची. एकोणिसाव्या शतकातल्या युरोपीय मिशनरी लिखाणात आशिया-आफ्रिकेतले लोक सरसकट ‘अंधारात’ असत. आफ्रिकेवरच्या हेन्री स्टॅनली यांच्या 1878 मधल्या पुस्तकाच्या नावातच ‘डार्क काँटिनेंट’ होते. सॅल्व्हेशन आर्मीचे संस्थापक विल्यम बूथ यांनी 1890 मध्ये ते रूपक उलटवून सर्वांत अंधाऱ्या इंग्लंडवर पुस्तक लिहिले, म्हणजे लंडनमधल्या गरिबीवर. अमेरिकेतले कृष्णवर्णीय धर्मचिंतक हॉवर्ड थर्मन यांनी 1965 मध्ये वर्णभेदावरच्या पुस्तकाला ‘ल्युमिनस डार्कनेस’, म्हणजे तेजस्वी अंधार, हे नाव दिले.

खरे तर ज्या वचनाचा आधार अनेकदा घेतला गेला, ते यशयाच्या नवव्या अध्यायातले आहे. नाताळच्या मध्यरात्री चर्चमध्ये तेच वाचतात. अंधारात चालणाऱ्या लोकांना मोठा प्रकाश दिसला, हा त्याचा आशय. पण ते लोक कोणी परके ‘अज्ञानी’ नाहीत. ते गालीलातले, यशयाचेच बांधव आहेत, इसवी सनापूर्वी आठव्या शतकात अश्शूरी फौजांनी तुडवलेले. पुढच्याच ओळींत सैनिकांचे बूट आणि रक्ताने माखलेले कपडे जाळले जाण्याची गोष्ट आहे. तिथला अंधार म्हणजे युद्ध आणि परकी सत्ता.

मदर तेरेसा आणि पुण्याचे फादर

संत योहान ऑफ द क्रॉस यांना 1577 च्या डिसेंबरात त्यांच्याच संघातल्या लोकांनी स्पेनमधल्या टोलेडोत कोंडले. कोठडीत जेमतेम उजेड येई. तिथेच त्यांनी कविता रचल्या आणि 1578 च्या ऑगस्टमध्ये ते निसटले. त्यांच्या लेखनातून ‘आत्म्याची काळरात्र’ हा शब्दप्रयोग जगभर गेला आणि आज तो कुठल्याही उदासीला चिकटवला जातो. त्यांचे म्हणणे वेगळे होते. घुबडाला दिवसा दिसत नाही ते उजेड नसतो म्हणून नव्हे, तर उजेड त्याच्या डोळ्यांना झेपत नाही म्हणून. देवाच्या बाबतीत माणसाचे तसेच होते, असे ते मांडतात.

या मांडणीची सर्वांत कठीण परीक्षा भारतात झाली. मदर तेरेसा यांची खासगी पत्रे 2007 मध्ये फादर ब्रायन कोलोडियेचुक यांनी पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली आणि अनेकांना धक्का बसला. कोलकात्यात गरिबांमध्ये काम सुरू केल्यावर थोड्याच काळात त्यांना प्रार्थनेत देवाची जाणीव होईनाशी झाली. 1958 मधले काही आठवडे सोडले तर ही अवस्था 1997 मध्ये मृत्यू येईपर्यंत बहुतांशी राहिली. बाहेर हसरा चेहरा, आत पूर्ण रिकामेपण. ही पत्रे नष्ट करावीत अशी विनंती त्यांनी वारंवार केली होती. काही टीकाकारांनी यात श्रद्धेचा अंत पाहिला, तर चर्चने हीच पत्रे संतपदाच्या चौकशीत विचारात घेतली. 4 सप्टेंबर 2016 रोजी त्यांना संत घोषित करण्यात आले.

या काळात त्यांनी ज्या मोजक्या लोकांपाशी मन मोकळे केले, त्यांतले एक पुण्याचे होते. ऑस्ट्रियात जन्मलेले जेझुइट फादर जोसेफ नॉयनर पुण्यातल्या धर्मविद्यापीठात शिकवत. ते विद्यापीठ आज ‘ज्ञानदीप’ या नावाने ओळखले जाते. 1961 च्या सुमारास मदर तेरेसा यांनी त्यांना आपली अवस्था लिहून कळवली. नॉयनर यांनी सांगितले त्याचा आशय असा, की यावर मानवी उपाय नाही, यात त्यांची काही चूकही नाही, आणि देवाची ही जीवघेणी ओढ हाच तो असल्याचा पुरावा आहे. ज्या गरिबांना कोणी विचारत नाही, त्यांचे एकटेपण त्या आतून भोगत आहेत. त्यानंतर मदर तेरेसा यांनी त्यांना उत्तर लिहिले. अंधार गेला नव्हता. पण इतक्या वर्षांत पहिल्यांदाच आपल्याला तो आवडू लागल्याचे त्यांनी कळवले होते.